तो फॉरवर्ड माझ्या मावशीला पाठवू नका

रविवारी उपासना सुटल्यावर पुण्याच्या पंचहौद चर्चच्या आवारात मावशीनं मोबाइल पुढे केला. "हे खरं आहे का रे?" मंडळीच्या ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज. नास्तिक प्राध्यापक विचारतो, देव चांगला तर जगात वाईट का? विद्यार्थी म्हणतो, थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, अंधार म्हणजे प्रकाशाचा. तसं वाईट म्हणजे देवाचा अभाव. प्राध्यापक गप्प. तो विद्यार्थी म्हणे आइनस्टाइन. दहा जणांना पाठवा.

मावशीचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी ब्लड कॅन्सरनं गेला. तिला आइनस्टाइनशी देणंघेणं नव्हतं. ते सात महिने आपल्या घरात देव नव्हता का, एवढंच ती विचारत होती.

आइनस्टाइनचं पटकन उरकतो. ३ जानेवारी १९५४ला तत्त्वज्ञ एरिक गुटकिंड यांना लिहिलेल्या पत्रात 'देव' हा शब्द त्यांनी मानवी दुर्बलतेतून आलेला ठरवला आहे. त्यांच्या तोंडी आपली बाजू कोंबणं म्हणजे खोटी साक्ष, आणि तिच्याविरुद्ध आपल्याकडे आज्ञा आहे.

वाईट म्हणजे चांगल्याची उणीव, हे संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी म्हणाले, तेवढं मान्य. डोळा आहे पण दृष्टी नाही, तशी उणीव. पण म्हणून तिथे देवच नाही, असं ते कुठे म्हणाले? अधोलोकात अंथरूण घातलं तरी तिथेही तू आहेस, असं १३९वं स्तोत्र सांगतं. हा मेसेज नेमका त्याच्या उलट सांगतो, आणि तेही मूल गमावलेल्या आईला!

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ठीक होतं. मग तोंड उघडून ते देवाची वकिली करू लागले. शेवटी (४२:७) देवाचा राग भडकला तो त्यांच्यावरच. जाब मागणारा ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असं देव म्हणतो. हे वाचूनही आपण असे मेसेज कसे पाठवतो?

नास्तिकांचा प्रश्न यानं सुटतही नाही. माणसानं माणसाला छळलं तिथे इच्छास्वातंत्र्याचं उत्तर, म्हणजे देवानं माणसाला निवडीची मोकळीक दिली हे, दमदार आहे. पण रक्तातल्या पेशी कोणाच्या इच्छेनं बिघडल्या? तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९मध्ये वणव्यात होरपळून कित्येक दिवस तडफडणाऱ्या पाडसाचा दाखला दिला. त्याच्यापुढे थंडी-अंधाराचा दृष्टान्त टिकत नाही.

मावशीला मी योहान ११:३५ काढून दिलं. मित्र लाजराला मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला. ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभी होती.

ज्यांनी तो मेसेज टाकला त्यांनी आजच काढावा. मावशीकडे जायचं तर संध्याकाळी जा, ती घरीच असते.