लालमा ताकद ऱ्हास

बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यापायी आज माझी सकाळ गेली.

कपाशीवर तुडतुडे आलेत. मेले पानाच्या खालून रस पितात, म्हणून बारीक थेंबांचा, पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल हवं होतं. पारोळ्याला गेलो. दुकानदाराने चपटं नोझल पुढे सरकवलं.

"हे तणनाशकाचं."

"सगळ्याला चालतं," म्हणून तो मोबाइलमध्ये शिरला.

खताच्या गोणीवर एक आबा बसले होते. गिऱ्हाईक नव्हेत, चहाचे मानकरी. "काय देखी ऱ्हायना रे भो?"

"नोझल, आबा."

"लाल ले. लालमा ताकद ऱ्हास." म्हणजे लालमध्ये ताकद असते.

मी समजावायला गेलो, हीच चूक. म्हटलं, आबा, चपट्या नोझलचा रंग म्हणजे माप. तीन बार दाबाला लाल मिनिटाला १.६ लिटर सोडतं, नारिंगी ०.४. लाल लावलं तर सोळा लिटरचा पंप दहा मिनिटांत रिकामा.

"मंग चांगलं ना! लवकर घर येशी."

यावर बोलणार काय? दुकानदारही हसला, मोबाइलमधून त्याने डोकं वर काढलं ते एवढ्यासाठीच. मग आबांनी काउंटरवरच्या डब्यातलं कुणाचं तरी जुनं नोझल उचललं, ओठांत धरलं आणि फुंकर मारली. गालांचे फुगे झाले. "देख, हवा कशी जास!" त्यावर कोणकोणती विषं वाळली असतील, देव जाणे. तुंबलं की फुंकायचं, नाहीतर टाचणी खुपसायची, ही आमची सर्व्हिसिंग. टाचणीने छिद्र मोठं होतं आणि मग आम्ही औषध बनावट म्हणून बोंबलतो. मीही बोंबललोय, खोटं कशाला सांगू.

पण गंमत पुरे. गेल्या वर्षी शेजारच्या बांधावर कुणी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, वाऱ्याने उडून माझ्या कपाशीला भेंडीची पानं फुटली. त्यालाही कुणीतरी 'सगळ्याला चालतं' म्हणूनच नोझल विकलं असणार. औषधाचे हजार रुपये मोजून घेतात, ते पडणार कशातून हे कुणी विचारत नाही. विचारलं की आपण गिऱ्हाईक नव्हे, कटकट.

शेवटी शंकूवालं निघालं, पण सुटं नाही. चार नोझलांचा संच घ्यावा लागला, त्यात लालही आलं. पैसे देऊन वळलो तर आबांचा हात पुढे.

"लाल तुले काय करनं? मले दे."

दिलं. त्यांनी लगेच तोंडात घातलं.