दोन तास कुणी देतं का?

परवा एका आजोबांच्या अंत्यविधीला अमरधाम स्मशानभूमीत शंभर-दीडशे माणसं होती. गेल्या चार महिन्यांत आजोबांच्या खाटेशेजारी जाऊन बसलेली त्यातली किती, हे आठवायला एका हाताची बोटं पुरली.

आपलं नाशिक सेवेत मागे नाही. निवृत्तिनाथांची पालखी आली की घराघरातून वारकऱ्यांसाठी पोळ्या जातात. गेलेल्या माणसासाठी रामकुंडावर सगळी सोय आहे. पण जो अजून जायचाय, त्याच्या दाराशी आपले पाय अडखळतात. काय बोलायचं, ही भीती असते. मलाही होती.

आजोबा पंचवटीतले, फुफ्फुसाचा कॅन्सर. "आता घरी न्या" असं सांगून दवाखान्याने सोडलेले. मी दर मंगळवारी तीन ते पाच जायचे. पहिल्या दिवशी मी "बरं वाटेल हो" म्हणाले, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा तो शब्द काढला नाही. मग जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि त्यांनीच विचारलं, "दुतोंड्याला कुठवर आलंय?" गोदावरीचा पूर नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. मला माहीत नव्हतं, पाणी कुठवर आलंय ते. पुढच्या मंगळवारी मुद्दाम घाटावरून गेले. "कमरेला." डोळे मिटून म्हणाले, "मग रात्रीतून छातीला लागेल." तेवढा वेळ ते पेशंट नव्हते, गंगाकाठचे जुने नाशिककर होते. ओल्या कापसाने ओठ टिपत मी ऐकत बसले. आणि आत त्यांचं सगळं करणाऱ्या घरच्या काकू झोपल्या होत्या, दिवसा, गाढ.

औषध, मॉर्फिन, जखमेचं ड्रेसिंग हे डॉक्टर-नर्सचं काम, त्यात आपण हात घालायचा नाही. पण १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं घर, उभारणाऱ्या सिसिली साँडर्स सांगायच्या की दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं, नात्यांचं, पैशाच्या काळजीचंही असतं. तिथे शेजारीपाजारी लागतात. केरळात मलप्पुरमच्या गावागावांत हेच झालं. आठवड्याला किमान २ तास देणाऱ्या साध्या माणसांना शिकवून तयार केलं, आणि घरोघरच्या सेवेचा डोलारा त्यांच्यावर उभा राहिला. केरळ सरकारने २००८ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. मग सिडको, सातपूर, नाशिकरोडला का होऊ नये? प्रत्येक वॉर्डात अशी दहा माणसं मिळणार नाहीत, हे मला पटत नाही.

फक्त शिकून या. अमक्याचा काढा, तमक्या बाबाचा अंगारा घेऊन जाऊ नका. आणि येतो म्हणालात तर याच, ते माणूस घड्याळाकडे बघत असतं.

येत्या मंगळवारी मी जाणार आहे. काकू म्हणाल्या, दुपारी तीन वाजले की अजून दाराकडे लक्ष जातं.