पातेरा पेटवण्याआधी थोडा हिशेब

शिमग्याच्या आसपास कोकणात बागा झाडायच्या, पातेऱ्याचे, म्हणजे गळून वाळलेल्या पानांचे, ढीग करायचे आणि काडी लावायची. बाग 'साफ' दिसते, शेजारीही वाखाणतात. माझ्या मते आपल्या जमिनीला याच्याएवढा महाग पडणारा दुसरा धूर नाही.

मुळात आपली माती बघा. जांभ्यावरची तांबडी माती आम्लधर्मी. तिच्यातली चिकणमाती बहुतेक केओलिनाइट जातीची, त्यामुळे पालाश (पोटॅश), चुना, मॅग्नेशियम धरून ठेवायची तिची ताकद फार थोडी. स्फुरद (फॉस्फरस) असतं, पण लोह आणि ॲल्युमिनियम ते असं जखडतात की मुळांना मिळतच नाही. वर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस. विरघळेल ते पऱ्यातून (ओढ्यातून) खाडीला. आणि तरी याच मातीवर देवराया उभ्या आहेत! कारण तिथलं अन्न बरंचसं झाडांत आणि पडलेल्या पाल्यात असतं. वाळवी, वाणी किडे, गांडुळं, बुरशी तो पाला कुजवतात, आणि सुटलेलं अन्न खोल झिरपायच्या आत वरच्या वीतभर थरातली मुळं उचलतात. (वाळवीला शिव्या देणाऱ्यांनी श्रावणातली रोवणं, म्हणजे रानअळंबी, खाताना आठवावं, ती तिच्याच वारुळावर उगवतात.)

पाला पेटला की नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळं हवेत जातं, गंधकाचाही बराच भाग जातो. सुक्या पातेऱ्यात एक टक्क्याच्या आसपास नत्र धरलं तर शंभर किलोमागे एक किलो गेलं. म्हणजे दोन किलोहून जास्त युरिया. राखेत पालाश आणि चुना उरतो खरा, पण तो पालाश पाण्यात लगेच विरघळणारा. उताराच्या बागेत पहिल्या जोरदार सरींनाच वाट धरतो.

मग भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजणं, चूक का? सरसकट तसं म्हणणार नाही. तरव्याच्या (भातरोपांच्या) जागेवर कवळ (तोडलेल्या पालेदार फांद्या), शेण, गवत भाजण्यात हिशेब होता: तणाचं बी मरतं, राखेने आम्लता उतरते, माती भुसभुशीत होऊन तरवा मुळासकट सहज उपटतो. पण दोन-चार गुंठे भाजायला कितीतरी मोठ्या वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीवरचे ऐन-किंजळाचे वृक्ष बोडके करायचे, हा सौदा आता परवडत नाही. चारसूत्री या सुधारित भातपद्धतीत यावर उत्तर आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, आणि चिखलणीआधी शेतात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो. कडक फांद्या मात्र वेचून काढा, नाहीतर लावणीत पाय फाटतात. भातखाचरात पाणी साचल्यावर लोहाचं रूप बदलतं आणि जखडलेलं स्फुरदही थोडं सुटतं, ही भाताची जास्तीची मिळकत.

आता बागेचा पातेरा. आंबा-काजूचं पान चामट, टॅनिनने भरलेलं. नुसता ढीग घातला तर दोन पावसाळे बघूनही अर्धकच्चाच. त्याला नत्राची जोड हवी: शंभर किलो सुक्या पातेऱ्याला जवळपास तेवढाच ओला गिरिपुष्पाचा पाला किंवा हिरवं गवत, आणि दोन-तीन पाट्या शेण पाण्यात कालवून. थर वितीएवढे. रुंदी चार-पाच फूट, उंची कमरेएवढी. खड्डा नको. आपल्या पावसात त्याची विहीर होते, हवा कोंडते आणि सडका वास सुटतो. जमिनीवरच ढीग घाला, वर झाप (विणलेली माडाची झावळी) टाका, महिन्याने पलटा. मूठभर घेऊन दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटला की ओल बरोबर. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर शेण किंवा ओला पाला जास्त झाला, सुकं घाला. ढीग गरमच झाला नाही तर पाणी किंवा नत्र कमी.

कच्चा पातेरा मातीत गाडू नका. तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. वर आच्छादन म्हणून तोच पातेरा उत्तम: तीन-चार इंच थर, बुंध्यापासून फूटभर सोडून, नाहीतर साल ओली राहून कुजते. नव्या कलमांना पाऊस संपताच घाला. धरत्या हापूसला मोहरासाठी ताण लागतो, त्यामुळे तिथे मोहर येऊन गेल्यावरच. करपा लागलेल्या वाळक्या डहाळ्या तेवढ्या वेगळ्या काढून जाळाव्यात, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आच्छादनावरचा खरा आक्षेप वणव्याचा, आणि तो रास्त आहे. सड्यावरचं (कातळपठारावरचं) गवत कुणीतरी पेटवतं आणि पातेऱ्याने भरलेली बाग धडधडते. म्हणून जानेवारी संपायच्या आत गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून दहा फुटांचा पट्टा गवत-पाला काढून मोकळा करा. तिथला पाला जागेवर न पेटवता आतल्या आळ्यांत ओढा. शेजाऱ्याशीही आधीच बोलून ठेवा. दोघांनी मिळून पट्टा काढला तर मजुरी निम्मी पडते.