‘पुण्यात बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

दक्षिण आफ्रिकेतील न्याय आणि वर्णभेदाविरुद्ध लढून सत्तेवर आलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाची घसरण या विषयावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. मारिकाना येथील खाणकामगारांच्या संपातल्या मृतांचा आकडा मी चुकीचा दिला, हा पहिला. 1994 मध्ये गोऱ्यांची वर्णभेदी राजवट संपल्यानंतर सामान्य कुटुंबांना घरे, वीज आणि सरकारी अनुदाने मिळाली, त्याची मी दखल घेतली नाही, हा दुसरा. तिसरा आपल्याच शब्दांत देते : ‘पुण्यात बसून दुसऱ्यांच्या मुक्तिलढ्याला गुण देणाऱ्यांना मनातून गोऱ्यांचेच राज्य बरे वाटत असते.’

आकड्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. 16 ऑगस्ट 2012 रोजी पोलिसांच्या गोळीबारात 34 खाणकामगार मारले गेले. मी 44 लिहिले होते. त्या संपात एकूण 44 माणसे दगावली, त्यांपैकी दहा जण त्याआधीच्या काही दिवसांत, आणि त्या दहांमध्ये दोन पोलीस व दोन सुरक्षारक्षकही होते. हे दोन आकडे मी एकत्र केले, हा माझा निष्काळजीपणा आहे. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानते.

तिसरे वाक्य मात्र मला तसेच सोडून देता येत नाही. मतभेद असणे वेगळे आणि समोरच्या व्यक्तीच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक असल्यासारखे लिहिणे वेगळे. दुसरी गोष्ट आपण केली आहे, आणि ती मला लागली, हे लपवण्याचे कारण नाही.

मी आज पुण्यात राहते हे खरे. परंतु 2008 ते 2015 ही सात वर्षे मी जोहान्सबर्गजवळच्या लेनेशियात काढली आणि तेथील एका शाळेत गणित शिकवले. ही वस्तीच मुळी वर्णभेदी कायद्याने वसवलेली आहे. कोणत्या वंशाच्या माणसाने कोठे राहायचे हे सरकार ठरवीत असे, आणि भारतीयांच्या वाट्याला शहरापासून दूरची ही जागा आली. ‘गोऱ्यांचे राज्य’ कसे होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही; ज्यांची घरे उठवली गेली त्यांच्याच मुलांबरोबर मी रोज डबा खात होते. मारिकानाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी एक ज्येष्ठ सहकारी बसल्या होत्या. त्यांच्या भावाला 1980 च्या दशकात विनाचौकशी डांबून ठेवले होते. 1960 साली शार्पविलला पोलिसांनी 69 माणसे मारली, त्या दिवसाची आठवण त्यांच्या घरात दर वर्षी काढली जाई. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, ‘ही आपलीच माणसे आहेत.’ गोळ्या झाडणारे की गोळ्या खाणारे, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. त्या बाईंना गोऱ्यांचे राज्य बरे वाटत होते, असे आपण त्यांच्या तोंडावर म्हणाल का?

माझ्या लेखाचा गाभा अहमद तिमोल यांची कहाणी हा होता, आणि आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत तिचा एका शब्दानेही उल्लेख नाही. रूडेपूर्टच्या शाळेत शिकवणारा हा भारतीय वंशाचा तरुण 1971 साली पोलीस कोठडीत असताना जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला. पुढच्या वर्षीच्या चौकशीने ती आत्महत्या ठरवली. 1996 मध्ये त्यांच्या आईने वर्णभेदी काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर साक्ष दिली. त्या आयोगाकडे माफीसाठी सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि माफी मिळाली 849 जणांना; ज्यांनी माफी मागितली नाही किंवा ज्यांना ती नाकारली गेली, त्यांच्यावर खटले चालतील असा त्या व्यवस्थेचा करार होता. सुमारे 300 प्रकरणे अभियोजन यंत्रणेकडे सोपवलीही गेली. त्यांतली बहुतेक तशीच पडून राहिली, आणि त्या काळी सत्तेवर वर्णभेदी सरकार नव्हते, मुक्तिलढ्याचाच पक्ष होता. खटले चालवू नयेत म्हणून राजकीय हस्तक्षेप झाल्याचे त्या यंत्रणेच्या माजी प्रमुखांनीच शपथपत्रावर सांगितले आहे. अखेर भाच्याने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून 2017 मध्ये न्यायालयाने तिमोल यांचा खून झाल्याचे म्हटले. 2018 मध्ये सुरक्षा पोलिसांतील एका वृद्ध माजी कर्मचाऱ्यावर आरोप ठेवला गेला आणि 2021 मध्ये, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, तो मरण पावला.

या कुटुंबाच्या बाजूने बोलणे म्हणजे गोऱ्यांच्या राज्याची आठवण काढणे, असे आपल्याला कसे वाटू शकते, हे मला खरोखर समजत नाही. डिकगँग मोसेनेके वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात पंधराव्या वर्षी पकडले गेले, त्यांनी दहा वर्षे रॉबेन बेटावरच्या तुरुंगात काढली आणि पुढे ते संविधान न्यायालयाचे उपमुख्य न्यायाधीश झाले. हाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्याने खर्च वाचवण्यासाठी मनोरुग्णांना परवाना नसलेल्या संस्थांकडे हलवले आणि त्यांतले 144 जण दगावले, तेव्हा लवाद म्हणून त्याच मोसेनेके यांनी 2018 मध्ये सरकारविरुद्ध निर्णय दिला. त्यांच्या मनातही आपण डोकावणार आहात काय? आणि 2004 साली सुमारे 70 टक्के मते देणाऱ्या ज्या मतदारांनी त्या पक्षाला 2024 मध्ये 40 टक्क्यांवर आणले, त्यांच्याविषयी आपले काय म्हणणे आहे?

माझे वडील आणीबाणीत 14 महिने येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांच्याबरोबर कोठडीत असलेले काही जण पुढे सत्तेत गेले. वडील त्यांना पत्रे लिहून जाब विचारीत, आणि कोणाचीही उत्तरे आली नाहीत तरी लिहीत राहिले. तुरुंगात गेलेल्या माणसाला नंतर प्रश्न विचारायचे नाहीत, ही शिकवण मला घरातून मिळालेली नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून ती या वयात घेण्याची माझी तयारी नाही.

घरे, वीज आणि अनुदाने यांविषयी आपण लिहिले आहे ते असेल; माझा लेख त्यावर नव्हता, म्हणून त्याची चर्चा येथे करीत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. मात्र ‘मनातून’ या शब्दाने सुरू होणारा तो भाग आपण मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तिमोल प्रकरणाविषयी आपल्याला काही म्हणायचे असेल तर ते मी जरूर वाचीन.