‘फोरमनला लॉटरी लागली’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेचा हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातला बॉक्सर जॉर्ज फोरमन मार्च 2025 मध्ये गेला. तेव्हापासून बॉक्सिंगचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं, आणि ते खात्रीनं पुढे ढकललं जातं. मत असं: चाळिशीच्या आसपास फोरमन रिंगमध्ये परतला ती निव्वळ सर्कस होती. पडेल गडी शोधून त्यांना लोळवलं, दमाचा माणूस समोर आला की हरला, 1994 मध्ये तेव्हाचा जगज्जेता मायकल मूररला नशिबानं एक ठोसा लागला आणि म्हातारा चॅम्पियन झाला. मूररनंच लढत सोडली असंही वर जोडलं जातं. हे सगळं म्हणे त्याच्या नावाचं ग्रिल, म्हणजे घरी मांस भाजायचं यंत्र, विकायला.

पडेल गड्यांपासून सुरुवात करू, कारण यात निम्मं तथ्य आहे. मार्च 1987 मध्ये सॅक्रामेंटोला तो स्टीव्ह झौस्कीशी लढला तेव्हा त्याचं वजन 267 पौंड, म्हणजे 121 किलो होतं. वय 38. आधीची लढत 1977 ची, जिमी यंगकडून हरलेली. मधली दहा वर्षं त्यानं ह्यूस्टनमध्ये चर्चमध्ये प्रवचनं करण्यात घालवली होती. अशा माणसानं पहिल्याच दिवशी माइक टायसनसमोर उभं राहायला हवं होतं का? तो पायरीपायरीनं वर चढला. 1988 मध्ये ड्वाइट मुहम्मद कावी, जो हलक्या दोन वजनगटांत जगज्जेता होऊन गेलेला. 1989 मध्ये बर्ट कूपर, जो दोन फेऱ्यांनंतर पुढे लढायलाच उठला नाही. 1990 मध्ये गेरी कूनी. कूनी तोवर उताराला लागला होता, मान्य. पण पहिल्या फेरीत त्यानं फोरमनला चांगलंच हलवलं होतं, आणि दुसऱ्या फेरीत तोच आडवा झाला. चार वर्षांत 24 लढती, 24 विजय. सुरुवातीची नावं सामान्य होती म्हणून ही अख्खी यादी केराच्या टोपलीत टाकायची, हे मला पटत नाही.

‘दमाचा माणूस समोर आला की हरला.’ एप्रिल 1991, अटलांटिक सिटी, इव्हँडर होलिफिल्ड. जगज्जेता, अजिंक्य, वय 28. फोरमन 42 चा. निकाल होलिफिल्डच्या बाजूनं एकमतानं लागला आणि तो बरोबरच होता. पण ही लढत पुन्हा बघा. पूर्ण बारा फेऱ्या झाल्या आणि दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत फोरमन स्टुलावर बसला नाही, कोपऱ्यात उभा राहिला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तरुण फोरमनला हे जमलं नसतं. 1973 मध्ये किंग्स्टनला त्यानं जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. केन नॉर्टनलाही दोनच फेऱ्या लागल्या. 1974 मध्ये किन्शासात मुहम्मद अली समोर आला तेव्हा फोरमनच्या नावावर 40 विजय होते, त्यातले 37 नॉकआउट. लढत लांबली तर काय करायचं, हे शिकायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती. अलीनं दोराला टेकून त्याला मारू दिलं, दमवलं आणि आठव्या फेरीत संपवलं.

परत आलेला फोरमन वेगळा बॉक्सर होता. ठोसे कमी आणि मोजून. दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून मार झेलायचा, आर्ची मूरच्या पद्धतीनं. वयाच्या चाळिशीपलीकडे लढत राहिलेला हा आर्ची मूर एके काळी फोरमनच्याच गोटात होता. आणि तो जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा! भालाफेक्याच्या हातातल्या भाल्यासारखा सरळ आणि जड. दुसऱ्या डावात फोरमन तीनदा हरला, होलिफिल्ड, टॉमी मॉरिसन आणि शॅनन ब्रिग्जकडून, आणि तिन्ही वेळा गुणांवर. पन्नाशीकडे झुकलेल्या त्या माणसाला कुणीही नॉकआउट करू शकलं नाही.

आता मूरर. 5 नोव्हेंबर 1994, लास व्हेगास. मूरर 26 वर्षांचा, 35 लढतींत एकही हार नाही, त्याच वर्षी होलिफिल्डला हरवून जगज्जेता झालेला. ही संधी फोरमनला नावावर मिळाली, हे मी नाकारत नाही. आधीच्या लढतीत तो मॉरिसनकडून हरला होता, आणि किताब देणाऱ्या संस्थांपैकी एक असलेल्या वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनची मान्यता मिळवायला त्याला कोर्टात जावं लागलं. पण घंटा वाजल्यावर नाव कामाला येत नाही.

नऊ फेऱ्यांनंतर तो तिन्ही परीक्षकांच्या तक्त्यांवर मागे होता. दोघांकडे 88-83. तिसऱ्याकडे मात्र 86-85, म्हणजे एका गुणाचा फरक. ‘सगळीकडून मार खात होता’ म्हणणारे हा आकडा सांगत नाहीत. मूरर डावखुरा, त्यामुळे फोरमनचा सरळ उजवा त्याच्यासाठी धोक्याचा. कोपऱ्यातून मूररचा प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलस त्याला समोर उभं राहू नकोस म्हणून बजावत होता. मूरर आघाडीवर होता, ठोसे लागत होते, त्याचा धीर वाढत गेला आणि तो समोरच थांबत राहिला. दहाव्या फेरीत फोरमननं डावा-उजवा, डावा-उजवा असे लांबून ठोसे लावले. त्यातले काही बसले. मग अंतर कमी झालं आणि उजव्या हाताचा एक आखूड ठोसा थेट हनुवटीवर. मूरर पाठीवर पडला, खालचा ओठ फाटलेला. पंच जो कोर्टेझ यांनी दहा आकडे मोजले तरी तो उठू शकला नाही. फेरीची 2 मिनिटं 3 सेकंद झाली होती. फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करत होता. त्याच्या कोपऱ्यात प्रशिक्षक अँजेलो डंडी होते, वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीच्या कोपऱ्यात असलेले.

याला नशीब म्हणायचं असेल तर तेच नशीब इतरांना का नाही मिळालं? अली 38 व्या वर्षी परतला आणि लॅरी होम्सनं त्याची जी दशा केली ती आजही बघवत नाही. खुद्द होम्स 45 व्या वर्षी, मूरर-फोरमन लढतीनंतर पाच महिन्यांनी, ऑलिव्हर मॅकॉलशी किताबासाठी लढला आणि गुणांवर हरला. व्लादिमिर क्लिच्को 41 व्या वर्षी वेम्बलीत अँथनी जोशुआसमोर अकराव्या फेरीत हरला.

मूररनं लढत सोडली, हा आरोप मला चीड आणतो. पुरावा कुणी देत नाही. ज्याचा ओठ फाटला आणि ज्याचे दोन किताब गेले त्याच्यावर इतक्या सहज चिखल उडवू नये.

ग्रिलचं गणित तर तारखांनीच कोसळतं. तो परतला 1987 मध्ये, ग्रिल बाजारात आलं 1994 मध्ये. पैशासाठी परतलो हे फोरमन उघड सांगायचा. ह्यूस्टनमध्ये मुलांसाठी काढलेलं केंद्र चालवायला पैसा लागत होता. ग्रिलनं पुढे त्याला बॉक्सिंगपेक्षा जास्त दिलं, हे खरं. पण ती नंतरची गोष्ट.

त्याला नोव्हेंबर 2024 च्या टायसन-जेक पॉल लढतीच्या रांगेत बसवणंही चूक आहे. तिथे फेऱ्या आठ, प्रत्येक दोन मिनिटांची, ग्लोव्ह्ज नेहमीपेक्षा जाड, आणि समोर यूट्यूबवरून आलेला गडी. फोरमन तीन मिनिटांच्या फेऱ्यांत गादीवरच्या जगज्जेत्याशी लढला.

एप्रिल 1995 मध्ये जर्मनीच्या अ‍ॅक्सेल शुल्झविरुद्ध मात्र तो परीक्षकांच्या झुकत्या मापामुळे जिंकला असं मलाही वाटतं. परत लढायचा आदेश आला तेव्हा त्यानं तो किताबच सोडून दिला, आणि ते मला आवडलं नाही. पण नोव्हेंबर 1997 मध्ये, 48 व्या वर्षी, ब्रिग्जविरुद्ध तो जिंकला असं बहुतेकांना दिसत असताना निकाल उलटा लागला. ती त्याची शेवटची लढत. शुल्झची लढत त्याच्या खात्यातून वजा करायची असेल तर ब्रिग्जची जमाही करा.