नायकाला बांधलं की तत्त्वज्ञान? : एका प्रतिक्रियेला उत्तर

कर्वेनगरच्या ताई,

(नाव तुम्ही दिलेलं नाही, पण ‘वैतागले आणि सिनेमा बंद केला’ असं लिहिलंय, त्यावरून ताई म्हणतोय.)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. ‘कोनन’सारख्या तलवार आणि जादूटोण्याच्या सिनेमांतला नायक पकडला गेल्याशिवाय, हाल सोसल्याशिवाय ‘घडत नाही’, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारताय : बाईला साखळदंडात दाखवलं की अंगप्रदर्शन आणि पुरुषाला दाखवलं की तत्त्वज्ञान, हा कुठला न्याय? कोननला झाडाला लटकवलाय तो दंड दिसावेत म्हणून! शिवाय तुळापूर इतकं जवळ असताना पुण्यात बसून पडद्यावरच्या छळाचं कौतुक करवतं कसं, हा टोला वेगळाच.

निम्मं मान्य आहे. ते आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे भांडायला मोकळा.

१९८२ चा ‘कोनन द बार्बेरियन’ आम्ही भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला, नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत, वाड्यातली सगळी पोरं गोळा करून. त्यात लहानग्या कोननला गुलाम करून एका अजस्र चाकाला जुंपतात. चाक फिरत राहतं, बरोबरचे एकेक गळत जातात, आणि शेवटी मान वर होते तेव्हा त्या पोराचा आर्नोल्ड श्वार्झनेगर झालेला असतो. आजी पाठीमागून म्हणाली, “ह्यांच्याकडे बैल नव्हते का रे?” आणि मग जरा वेळाने, “ह्याला खायला काय घालतात?” म्हणजे तुमचा मुद्दा आमच्या घरात तेव्हाच मांडून झाला होता. गुलामाच्या पेजेवर असे दंड होत नाहीत. ते तालमीतले आहेत आणि कॅमेऱ्याला ते पक्कं ठाऊक आहे. (त्या चाकात दळतात काय, हे मला अजून कळलेलं नाही.)

पण झाडाचं तसं नाही. सिनेमातला खलनायक थुल्सा डूम मोठ्या झालेल्या कोननला माळावरच्या वाळक्या झाडावर खिळवतो. ऊन, भेगाळलेले ओठ, आणि मेला असं समजून टोचायला आलेलं गिधाड. हात अडकलेले, म्हणून कोनन दातांनीच त्याची मान पकडतो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र तेव्हाही वाटलं होतं की हा पराक्रम नव्हे, ह्याच्याकडे आता तोंडाशिवाय काही उरलेलंच नाही. एवढा मोठा देह आणि तो बिनकामाचा. हा प्रसंग मुळात कोननचा जनक, लेखक रॉबर्ट हॉवर्ड याच्या १९३४ च्या एका कथेतला. तिथे तर खाली उतरवणाराही दयाळू नाही. तो क्रूसच बुंध्याशी तोडायला लावतो, पडून जगलास तर बघू म्हणतो, आणि वर पाण्याचा थेंब न देता घोड्यावर बसवतो.

सिनेमात त्याला उतरवतो त्याचा मित्र सुबोताई. मग मांत्रिक अंगभर अक्षरं काढतो, रात्री भुतं न्यायला येतात, आणि कोननची प्रेयसी व्हलेरिया त्यांच्याशी झुंजते. देव याची किंमत वसूल करतील, असं मांत्रिक तिला आधीच बजावतो. ती म्हणते, देईन. आणि पुढे खरंच देते, थुल्सा डूमने सापाचा केलेला बाण लागून. तिच्या चितेपाशी कोनन रडत नाही, त्याच्या वाटणीचं सुबोताई रडतो. तुम्ही झाडापाशी बंद केलात म्हणता. हिशेब सगळा त्यानंतरचा आहे, ताई.

आता त्याच वर्षीचा ‘द सोर्ड अँड द सॉर्सरर’ घ्या. तिथेही नायकाला खिळे ठोकतात, तेही भर मेजवानीत. हा पठ्ठ्या हिसका देऊन स्वतःच हात सोडवतो आणि त्याच हातांनी तलवार चालवायला लागतो! उतरवायला कुणी लागत नाही, किंमत कुणी मोजत नाही. त्या खिळ्यांना अर्थ टाळ्यांपुरता. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू आहे. आणि याच काळातल्या अशा ढीगभर सिनेमांत बांधलेल्या बाईच्या वाट्याला एवढंसुद्धा येत नाही. तिला बांधतात, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो आणि नायक येऊन सोडवतो. तिला त्या वेळात काय वाटलं, हे विचारायची कुणाला गरजच पडत नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहिलं.

तुळापूर मात्र यात आणू नका. मार्च १६८९ मध्ये जे झालं तिथे कुणी मांत्रिक येणार नव्हता, आणि संभाजी महाराजांना ‘घडायचं’ही राहिलं नव्हतं. मी लिहितोय ते कल्पित देहांबद्दल, ज्यांना पुढच्या दृश्यात उठायचंच असतं. दोन्ही एका तागडीत घातलं तर अपमान कुणाचा होतो ते तुम्हीच बघा.

‘हाल सोसल्याशिवाय नायक घडत नाही’ हे वाक्य मी लेखातून काढलंय. त्या जागी ‘त्याला झाडावरून कोण उतरवतं ते बघा’ असं लिहिलंय. चाकाबद्दलचा परिच्छेद ठेवलाय, आजीच्या प्रश्नासकट.