डांबरगोळीने माइट जातात म्हणे!

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मावशी, साप तोंड उघडं ठेवून बसलाय, हे नॉर्मल आहे का?" नाही रे बाबा, हे नॉर्मल नाहीये. खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं की पठ्ठ्याने त्याच्या पाळलेल्या कॉर्न स्नेकच्या टबात (साप राहतो त्या प्लास्टिकच्या डब्यात) चार डांबरगोळ्या टाकल्या, झाकणाची भोकं टेपने बंद केली, वरून टॉवेल घातला आणि साप आत. तीन तास. का, तर कुणीतरी त्याला तो मेसेज पाठवला होता, "सापाच्या उवा एका रात्रीत गायब" वाला (उवा म्हणजे त्याला म्हणायचंय माइट, सापाचं रक्त पिणारे बारीक जीव). मला तो आधी दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा मी हसून डिलीट केला, आता त्याचाच राग येतोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, मेसेजचं म्हणणं असं: टबात डांबरगोळ्या टाकून रात्रभर बंद ठेवा, सापाला काही होत नाही कारण तो वास जिभेने घेतो, नाकाने नाही. अंगाला तेल चोळा, एकदाच पुरे. पाण्यात अर्धा तास ठेवा, सगळे बुडून मरतात. कात टाकली की उरलेसुरले कातीबरोबर जातात. तरी राहिले तर कुत्र्याचं आयव्हरमेक्टिन (परजीवी मारायचं औषध) थोडं द्या. आणि शेवटी एक टोमणा, माइट फक्त घाणेरड्या टबात होतात.

आधी डांबरगोळ्या, कारण बाकीच्यांनी वेळ वाया जातो, याने साप जातो.

"वास जिभेने घेतो" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. साप जीभ बाहेर काढून हवेतले कण टाळूतल्या जेकबसन ऑर्गनपर्यंत, म्हणजे वास ओळखणाऱ्या अवयवापर्यंत, नेतो, बरोबर. पण त्याला नाकपुड्याही आहेत आणि त्यांनी वासही येतो. आणि मुळात वास कशाने घेतो हा मुद्दाच नाहीये हो, श्वास कशाने घेतो हा मुद्दा आहे! तो नाकानेच घेतो आणि हवा फुप्फुसातच जाते, तुमच्या आमच्यासारखी. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, नाहीतर पॅराडायक्लोरोबेन्झीन. दोन्ही घन पदार्थ न वितळता थेट वाफ होतात, कपाटात गोळी हळूहळू बारीक होत जाते ती त्यामुळेच. ती बंद पेटीतल्या लोकरीच्या कपड्यांसाठी आहे कारण वाफ साठली तरच किडे मरतात. आता हाच हिशोब टबाला लावा. भोकं उघडी ठेवली तर माइट मरण्याइतकी वाफ साठत नाही, बंद केली तर साठते, पण मग साप आतच आहे ना. कपड्यांना श्वास घ्यायचा नसतो. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही सुचलं नसेल?

अजून एक गोष्ट, ती वाचून मला खरंच घाम फुटला. नॅफ्थलीनने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. माणसांत हे नीट माहीत आहे, लहान मुलांच्या आणि ज्यांच्यात जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या बाबतीत तर डॉक्टर मुद्दाम सांगतात. आणि माइट करतात काय, तर रक्त पितात. लहान साप त्यानेच ॲनिमिक होतात. म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्या जिवाला पेशी फोडणाऱ्या वाफेत कोंडायचं, आणि याला घरगुती उपाय म्हणायचं. धन्य.

भाच्याला म्हटलं, गोळ्या काढून तोच टब वापरू नकोस, प्लास्टिकमध्ये तो वास मुरतो, धुऊन जात नाही. दुसरा टब, हवेशीर खोली, सापाला हात लावायचा नाही, सकाळी व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. नशीब तीनच तास होते. व्हेटने तपासलं, आता साप ठीक आहे, पण हे नशीब आहे, उपाय नाही.

आता ज्या गैरसमजावर अख्खा मेसेज उभा आहे त्याकडे येते, तो म्हणजे माइट सापाच्या अंगावर राहतात. नाही राहत! अंगावर जेवायला येतात. जोसेफ कॅमिन नावाच्या संशोधकाने १९५३ साली शिकागो अकॅडमी ऑफ सायन्सेसतर्फे याच माइटचा, म्हणजे ऑफिओनायसस नॅट्रिसिसचा, अख्खा जीवनक्रम छापलाय आणि आजही सगळे तिथूनच उचलतात. त्यात पाच अवस्था आहेत, अंडं, लार्वा, प्रोटोनिम्फ, ड्यूटोनिम्फ आणि प्रौढ. यातले फक्त प्रोटोनिम्फ आणि प्रौढ रक्त पितात. लार्वा आणि ड्यूटोनिम्फ काहीच खात नाहीत. पोट भरलेली मादी सापावरून उतरते, अंधारी दमट फट शोधते आणि तिथे अंडी घालते, आयुष्यात साधारण ६० ते ८०. उबदार टबात हे पूर्ण चक्र १३ ते १९ दिवसांत होतं. आणि नर भेटला नाही तरी मादीचं अडत नाही, फळली नसली तरी अंडी घालते, त्यातून नर निघतात. (उवा नाहीत त्या, बाय द वे. गोचिडाची चुलत भावंडं.)

हे एकदा डोक्यात बसलं की मेसेजमधलं बाकीचं आपोआप गळून पडतं. तेलाचंच घ्या. तेल अंगाला लागलेल्या माइटची श्वासाची छिद्रं बुजतात आणि तो मरतो, हे मान्य करते, कारण मी स्वतः केलंय. नऊ वर्षांपूर्वी माझ्या बॉल पायथनला ऑलिव्ह ऑइल चोळलं, संध्याकाळी टिश्यूवर मेलेले काळे ठिपके बघून इतकी खूश झाले की काय सांगू. मग तो तेलकट साप सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे टबात खाली पसरलेल्या भुशात, लोळला, वडे तळायला घोळवतात तसा भुसा चिकटला, ती साफसफाई वेगळीच. आणि दहा-बारा दिवसांनी डोळ्यांच्या कडेला परत ठिपके. कारण अंडी हाइडच्या (सापाच्या लपायच्या खोक्याच्या) खालच्या फटीत होती, तिथे कुणी तेल चोळलं होतं? "एकदाच पुरे" हे दोन शब्द मेसेजमधून काढले असते तरी निम्मं नुकसान टळलं असतं.

पाण्याचंही तसंच. कोमट, उथळ पाण्यात ठेवलं तर बरेच माइट बुडतात, सापाला बरंही वाटतं, साप आपणहून दोन-दोन दिवस वॉटर बोलमध्ये जाऊन बसतो तो त्यासाठीच (आणि बोलच्या तळाशी मिरपुडीसारखे कण दिसले की समजायचं). पण सापाचं डोकं पाण्याबाहेर असतं ना, मग हुशार माइट हनुवटीच्या खाचेत आणि डोळ्यांभोवती जमतात. मदत म्हणून ठीक, इलाज म्हणून नाही. आणि टब बंद करून निघून जाऊ नका, साप थकतो, बुडतो.

कातीचं, थोडे जातात कातीबरोबर, बाकीचे टबात वाट बघतात, पुढे. उलट माइट असले तर कात तुकड्या-तुकड्याने निघते.

आयव्हरमेक्टिन व्हेट सापांना देतात, खोटं नाही. पण वजन करून, मायक्रोग्रॅमच्या हिशोबात. "थोडं" हे माप नसतं. आणि घरात कासव असेल तर ते औषध त्याच्या आसपासही नको, कासव मरतं त्याने, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

राहिला टोमणा. मला सगळ्यात जास्त चीड याची आली, कारण भाच्याने मला आधी विचारलं नाही ते याच्यामुळे. म्हणे, "तू म्हणशील टब घाण ठेवतो." अरे, माइट घाणीतून पैदा होत नाहीत, ते दुसऱ्या सापावरून, जुन्या लाकडातून, आपल्या हातावरून येतात. त्याने महिन्यापूर्वी नवीन साप आणला आणि पहिल्याच दिवशी जुन्याच्या शेजारी ठेवला, चिमटाही तोच वापरला. चूक ती होती. नवा साप वेगळ्या खोलीत किमान दीड-दोन महिने, हात आणि सामान वेगळं, आणि आधी जुन्याचं काम आटपून मगच नव्याकडे जायचं. सांगितलंय आता. हां, पसारा असलेल्या टबात माइटला लपायला जागा जास्त मिळते, एवढं मेसेजवाल्याचं धरते.

मग करायचं काय, तर सापापेक्षा टबावर जास्त मेहनत. सगळा सबस्ट्रेट पिशवीत बांधून घराबाहेर, लाकडी सामान फेका नाहीतर फ्रीझरमध्ये टाका, खाली पांढरा पेपर टॉवेल म्हणजे ठिपके दिसतात. कोपरे, झाकणाची खाच, रॅकची मागची बाजू गरम पाण्याने घासा. औषध व्हेट सांगेल ते. फिप्रोनिल असेल तर कपड्यावर घेऊन पुसायचं, तोंडावर फवारायचं नाही. परमेथ्रिन असेल तर ते टबाला मारायचं, पूर्ण सुकून वास गेल्यावरच साप आत, पाण्याचं भांडं नंतर, आणि घरात मांजर असेल तर ते बाटलीच्या जवळपासही नको, मांजरांना ते विष आहे. रसायन नको असेल तर माइट खाणारे माइट मिळतात, स्ट्रॅटिओलेलॅप्स नावाचे, सापाला काही करत नाहीत. फक्त दोन्ही एकदम नका करू, औषधाने आपलेच शिपाई मरतात. आणि शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही तीन आठवडे चालू ठेवायचं, ते १३ ते १९ दिवसांचं चक्र आठवा.

भाच्याचा आज आठवा दिवस. प्रत्येक काळ्या कणाचा फोटो मला येतो, कालचा पेन्सिलच्या शिशाचा तुकडा निघाला, आज सकाळचा मात्र चालत होता.